निदान एवढे तरी : शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतीक्षेचा इतिहास

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक वैद्यकातला : रोगाचे मूळ व स्वरूप ओळखणे. आयुर्वेदाच्या परंपरेतील ‘माधवनिदान’ या ग्रंथनामात तो आहे. दुसरा रोजच्या बोलण्यातला : ‘निदान एवढे तरी करा’ असे म्हणताना आपण जी किमान मागणी करतो, ती. तपासणीचा चिंताजनक अहवाल हाती आला आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे, पण ती अजून व्हायची आहे, अशा अवस्थेतील माणसाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू होतात. रोगाचे निदान दुसऱ्यांनी केलेले असते. त्यानंतर आपल्या हाती निदान काय राहिले, याचा शोध त्याचा त्याला घ्यावा लागतो. वैद्यकाच्या इतिहासात शोध आणि शोधकर्ते यांची नोंद सविस्तर असते. या मधल्या काळाची नोंद मात्र बहुधा पत्रांत, आठवणींत आणि चरित्रांतच सापडते. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहायला हवे.

या दृष्टीने सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिने आपली बहीण एस्थर हिला लिहिलेले पत्र. ‘एव्हेलिना’ (१७७८) आणि ‘सेसिलिया’ (१७८२) या कादंबऱ्यांमुळे ती आपल्या परिचयाची आहे. फ्रेंच अधिकारी आलेक्सांद्र दार्ब्ले याच्याशी विवाह झाल्यावर ती पुढे पॅरिसला गेली आणि युद्धामुळे तेथेच अडकून पडली. १८१० च्या ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या स्तनात वेदना सुरू झाल्या. नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शल्यचिकित्सक लारे आणि त्याचे सहकारी यांनी तिला तपासले. त्या काळी तपासणी म्हणजे हाताने चाचपणे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. गाठ खरोखर कर्करोगाची होती की नाही, याचे निश्चित उत्तर आजही देता येत नाही. वैद्यांचे मत पडले की शस्त्रक्रिया हवी. आणि भूल देण्याचे तंत्र जगासमोर यायला अजून पस्तीस वर्षे होती.

बर्नीने या निर्णयाचे वर्णन न्यायालयाच्या भाषेत केले आहे. वैद्यांचे मत ही तिला शिक्षा वाटते आणि शस्त्रक्रियेचा निरोप म्हणजे वधस्तंभाकडे नेण्याचा हुकूम. पण हा हुकूम लगेच येत नाही. तीन आठवडे काहीच घडत नाही. शिक्षा ठरली आहे, दिवस ठरलेला नाही. आजच्या रुग्णाला ‘तारीख मिळेपर्यंत’चा जो काळ ठाऊक असतो, त्याचे हे फार जुने आणि फार नेमके चित्र आहे.

या काळात ती काय करते? पतीला त्या वेळी घरात राहू द्यायचे नाही, हे ती ठरवते; त्याला हे पाहवणार नाही अशी तिची खात्री असते. ३० सप्टेंबर १८११ च्या सकाळी, ती अजून अंथरुणातच असताना, लारेची चिठ्ठी येते : दहा वाजता येत आहोत. ती एक वाजेपर्यंतची मुदत मागून घेते आणि पतीला कचेरीच्या कामाच्या निमित्ताने बाहेर काढण्याची व्यवस्था करते. मग निरोप येतो की एका डॉक्टरला तीनच्या आधी जमणार नाही. सर्व तयारी झालेली, आणि हाती रिकामे दोन तास. दिवाणखान्यात गेल्यावर तिला पट्ट्या, स्पंज, कापसाचे ढीग दिसतात. ती खोलीत येरझाऱ्या घालत राहते. हळूहळू मन बधिर होते. दुर्दैवाने काही झालेच तर, म्हणून पतीसाठी आणि मुलासाठी ती चार ओळी लिहून ठेवते. तीन वाजतात आणि काळ्या पोशाखातले सात पुरुष आत येतात.

पुढची वीस मिनिटे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण पत्राचा मोठा भाग त्या वीस मिनिटांच्या आधीचा आहे, हे लक्षात घ्यावे. रोग, वैद्य, दिवस यांपैकी काहीच तिच्या हाती नव्हते. तिने हाती घेतले ते तीन तास, पतीची अनुपस्थिती आणि चार ओळी. हे तिचे ‘निदान एवढे तरी’. अनेक महिने तिला या विषयावर बोलताही येत नव्हते. १८१२ च्या मार्चमध्ये सुरू केलेले पत्र पुरे व्हायला जून उजाडला. ती पुढे १८४० पर्यंत जगली.

शतकाच्या अखेरीस चाचपणाऱ्या हाताच्या जोडीला प्रयोगशाळा आली. १८९३ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवर व्रण आढळला. त्याचा तुकडा रुग्णाचे नाव न कळवता तपासणीसाठी पाठवण्यात आला आणि अहवाल चिंताजनक आला. देश त्या वेळी आर्थिक संकटात होता. १ जुलै रोजी ‘ओनायडा’ या नौकेवर त्यांच्या वरच्या जबड्याचा डावा भाग गुप्तपणे काढला गेला. ऑगस्टअखेर एका वार्ताहराने हे उघड केले, तेव्हा त्यालाच खोटे ठरवण्यात आले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनी १९१७ मध्ये सत्य प्रसिद्ध केले. तोवर क्लीव्हलंड यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. येथे रुग्णाने हाती ठेवले ते गुपित. त्याची किंमत मात्र त्या वार्ताहराने मोजली. अहवाल रुग्णाचा असला तरी त्याचे परिणाम त्याच्यापुरते राहत नाहीत, हा या प्रसंगाचा धडा.

तिसरा प्रसंग पुण्याचा. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी यांना ससून रुग्णालयात आणण्यात आले. अपेंडिक्सला सूज होती आणि थांबण्यात धोका होता. ही आधीपासून ठरवलेली शस्त्रक्रिया नव्हे. प्रतीक्षेचा अवधी होता तो काही तासांचाच. पण त्या तासांत एक विलक्षण गोष्ट घडली. ‘हिंद स्वराज’मध्ये (१९०९) डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका करणाऱ्या, सरकारच्या कैदेत असलेल्या माणसाने सरकारी शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास असल्याचे आणि शस्त्रक्रियेला संमती असल्याचे निवेदन श्रीनिवास शास्त्री यांच्याकडून लिहून घेतले व कापऱ्या हाताने त्याखाली सही केली. शस्त्रक्रियेदरम्यान वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. आपण दगावलो तर देशात काय उसळेल, याची जाणीव त्या सहीमागे होती. कैद्याला बाकी कशाचेच स्वातंत्र्य नव्हते. संमती मात्र त्याचीच होती.

तीन तासांची मुदत, गुपित, सही : वरवर पाहता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तिन्हींतून एकच प्रश्न पुढे येतो. निदान आणि शस्त्र यांच्यामधला काळ कोणाचा? आपल्याकडे कायद्याने त्याचे काहीसे उत्तर दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत दिलेल्या एका निर्णयानुसार, तपासणीसाठी दिलेली संमती ही पुढच्या शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर डॉक्टरांनी थांबून, पुरेशी माहिती देऊन पुन्हा विचारले पाहिजे. म्हणजे हा मधला काळ रुग्णाचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

कायदा हा काळ देऊ शकतो. तो कसा काढावा हे सांगू शकत नाही. अहवालातील आकडे आज कितीतरी अचूक झाले आहेत, पण त्यांच्यापुढे बसलेला माणूस बर्नीइतकाच एकटा असू शकतो. तिच्या पत्रात धीराचा उपदेश कोठेही नाही. तीन वाजेपर्यंत काय करायचे, याचा प्रामाणिक हिशेब मात्र आहे. कादंबरी आणि नाटक शिकवताना आपण संघर्षाच्या परमोच्च क्षणावर भर देतो. हे पत्र वर्गात वाचायला घेतले, तर त्या क्षणाआधीचे रिकामे तासही वाङ्मयाचा विषय असतात हे विद्यार्थ्यांना दिसेल. आणि उद्या त्यांच्या घरात कोणी असा अहवाल हाती घेऊन बसले असेल, तर त्याच्यापाशी काय विचारावे हेही कदाचित सुचेल.