एकट्याचा तांडा

सन १९३२ मध्यें रॉबर्ट फुल्टन नांवाचा एक तरुण अमेरिकन लंडनहून मोटारसायकलीवर निघाला. युरोप, तुर्कस्तान, सिरिया व इराक हे देश मागें टाकून तो हिंदुस्थानांत आला आणि येथून पुढें चीन व जपानपर्यंत गेला. कोठें रस्ता नाहीं, कोठें पूल नाहीं, कोठें भाषा कळत नाहीं, अशा मुलुखांतून त्यानें सुमारें दीड वर्ष प्रवास केला. त्या प्रवासाचें पुस्तक १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘वन मॅन कॅरॅव्हॅन’. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ‘एकट्याचा तांडा’.

हें नांव वाचतांच माझें मन परदेशांतून एकदम घरीं आलें. मी वाशीम जिल्ह्याचा रहिवासी. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों आणि नोकरीचीं बहुतेक वर्षें मानोरा व मंगरूळपीर ह्या तालुक्यांत काढलीं. ह्या भागांत गांवापासून थोड्या अंतरावर बंजाऱ्यांची जी वस्ती असते, तिला तांडाच म्हणतात. घरें पक्कीं आहेत, शाळा आहे, वीज आहे. पण नांव मात्र प्रवासांतलें राहिलें आहे. मानोरा तालुक्यांतच पोहरादेवी हें सेवालाल महाराजांच्या समाधीचें स्थान आहे. रामनवमीला तेथें महाराष्ट्रांतून, तेलंगणांतून, कर्नाटकांतून बंजारा समाज लोटतो. एक समाज इतक्या दूरदूरच्या प्रांतांत कसा पसरला, ह्याचें उत्तर रस्त्यांच्या इतिहासांत आहे. आणि तोच आजच्या भाषणाचा विषय आहे.

तरुणपणीं मजजवळ एक जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली मोटारसायकल होती. तांड्यातांड्यांतून फिरून शाळेंत घालण्याजोग्या मुलांचीं नांवें टिपून घेण्याचें काम आम्हां शिक्षकांकडे असे. १९८८ च्या उन्हाळ्यांत असाच एका तांड्यावर गेलों असतां बोलण्यांत सहज निघालें कीं, सुटींत मी व माझा एक सहकारी ह्याच गाडीवरून नागपूर, जबलपूर असे करीत गंगाकांठीं मिर्झापूरला जाणार आहों. जवळच बाजेवर एक अतिवृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं विचारलें, “मास्तर, वाटेंत पाणी कोठें कोठें आहे?” मी त्यांना गांवांचीं नांवें व अंतरें सांगूं लागलों. त्यांनीं हात हलवून मला थांबविलें. “अंतर नको. पाणी सांगा.” मजजवळ उत्तर नव्हतें. त्या वृद्धानें स्वतः लदेणी केलेली नव्हती. तो काळ त्याच्या आजाबरोबर संपला होता. पण आजाचा प्रश्न मात्र नातवाच्या तोंडीं राहिला होता.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलुखोमुलुखीं माल नेण्याचा धंदा. मीठ, धान्य व कापूस हा त्यांतला मुख्य माल. लमाण हें नांवही विद्वान लोक लवण म्हणजे मीठ ह्या शब्दाशीं जोडतात. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत जो तांडा भेटला, त्यांत धान्यानें लादलेले १४,००० बैल असावेत असा त्याचा अंदाज होता. आणि तो तांडा दिवसाकाठीं सहासात मैलांहून अधिक चालत नसे, असें तो लिहितो. त्याच शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन करतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो सरेपर्यंत प्रवाशाला दोनदोन तीनतीन दिवस खोळंबून राहावें लागे. १६३० च्या सुमारास मोंगल फौजेला धान्य पुरवीत आपले पूर्वज दक्षिणेंत उतरले, अशी बंजाऱ्यांची परंपरा सांगते.

ह्या धंद्याचें मर्म त्याच्या संथपणांतच होतें. बैल वाटेच्या कडेचें गवत खात जाई, म्हणून वैरणीचा खर्च नाहीं. गाडी नाहीं, म्हणून बांधलेल्या सडकेची गरज नाहीं. जेथें गवत व पाणी, तेथें वाट. आणि तीं कोणत्या महिन्यांत कोठें मिळतील हें ठाऊक असणें, हेंच नाईकाचें खरें भांडवल. रात्रीं मुक्कामावर गोणींची रास रचून तिचा कोट करावयाचा, कुत्रीं राखणीला सोडावयाचीं, आणि पावसाळ्यांत चांगलें कुरण पाहून बस्तान ठोकावयाचें, असा हा क्रम होता. पुरुषांबरोबर बायकामुलें व म्हातारीं माणसें अख्खा जन्म ह्या वाटेवर काढीत.

युद्धकाळीं तर ह्या लोकांवांचून राज्यकर्त्यांचें चालत नसे. १८०३ मध्यें जनरल वेलस्ली मराठ्यांशीं लढत वऱ्हाडांत आला. नोव्हेंबरांत अकोल्याच्या उत्तरेस अडगांव येथें लढाई झाली व डिसेंबरांत गाविलगड पडला. त्याच्या सैन्याच्या पोटाला लागणारें धान्य बंजाऱ्यांचेच बैल वाहत होते, हें त्याच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट होतें. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढायांच्या तारखा असत. पण लढणाऱ्यांना भाकर कोणी पोहोंचविली, हें मीं तीस वर्षांत एकाही मुलाला शिकविलें नाहीं. तो दोष माझा आहे.

आतां मिर्झापूरच कां, तें सांगतों. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारें ५०० मैल चालत मिर्झापूरला जाई, आणि तेथून गंगेंतील नावांनीं कलकत्त्याला. दिवसाला सात मैल धरले तर ही सत्तर-बहात्तर दिवसांची मजल होते. आम्हीं ती वाशीमहून चार दिवसांत गांठली. नागपूर, शिवनी, लखनादौन, जबलपूर, मैहर, रेवा. दिवसभर ऊन व धूळ, आणि रात्रीं एखाद्या धर्मशाळेंत पथारी. चौथ्या दिवशीं हनुमना गांव सोडून विंध्याचें पठार उतरावयाच्या आधीं भर दुपारीं पेट्रोल संपलें. गाडी ढकलतांना घसा कोरडा पडला. तेव्हां एका गुराख्यानें रस्त्यापासून थोडी आंत असलेली, दगडी पायऱ्यांची एक जुनी विहीर दाखविली. ही कोणाची, असें विचारतां तो म्हणाला, बंजाऱ्यांची. मध्यप्रदेशांत अशा विहिरी व तळीं अनेक आहेत. सागर शहरांतील मोठ्या तलावाशीं तर लाखा बंजाऱ्याची आख्यायिका जोडलेली आहे. त्या विहिरीसंबंधीं त्या गुराख्याच्या शब्दाखेरीज मजजवळ दुसरा पुरावा नाहीं. परंतु तेथें ओंजळीनें पाणी पितांना त्या वृद्धाच्या प्रश्नाचा अर्थ मला प्रथम कळला. परत आल्यावर मीं त्यांना ती हकीगत सांगितली. त्यांनीं एवढेंच विचारलें, “पाणी गोड होतें?” होतें, असें मीं सांगितलें.

ही वाट मोडली कशी? १८५३ मध्यें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोहोंचली, आणि कापूस मिर्झापूरऐवजीं मुंबईकडे वळला. पुढें मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळकडे अरुंद रुळांची गाडीही धांवूं लागली. (तीही आतां बंद पडली आहे.) पक्क्या सडकांवर बैलगाड्या आल्या. रान राखीव झालें, चराई बंद झाली. पाठीवर गोणी वाहणाऱ्या बैलाला काम उरलें नाहीं.

धंदा गेला, तेव्हां प्रतिष्ठाही गेली. १८७१ मध्यें सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा जाच ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांनाही सोसावा लागला. स्थिर घर नाहीं, ठरलेला पत्ता नाहीं, आणि आडवाटा ठाऊक आहेत. एवढें संशयाला पुरेसें झालें. वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज नांवाच्या अधिकाऱ्यानें बंजाऱ्यांच्या चालीरीतींवर एक निबंध लिहिला, तो १८८२ मध्यें छापलेला आहे. अभ्यासकांस तो आजही उपयोगी पडतो. परंतु ज्यांनीं देशाला धान्य पोहोंचविलें त्यांची हकीगत लिहावयाचें काम पोलिसाकडे यावें, ह्यांतच काळ किती पालटला तें दिसतें. हा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत मात्र बंजारा हें नांव आजही आहे.

श्रोतेहो, आज तुमच्या घरांतील मुलें व मुली मोटारसायकलीवरून देश पालथा घालतात. लडाखांत उमलिंग ला येथें १९,०२४ फूट उंचीवरून डांबरी रस्ता गेला, व २०२१ मध्यें त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली; तेथवर आमच्या वऱ्हाडचीं पोरें जाऊन येतात आणि गांवांत त्यांचा सत्कार होतो. मला त्याचा आनंदच वाटतो, कारण अनोळखी वाटेवर माणूस नम्र होतो, हें मीं अनुभविलें आहे. पण जें जाणें आज कौतुकाचें मानलें जातें, त्याच जाण्याबद्दल एका समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, हेंही त्या मुलांना ठाऊक असावें. आणि एक मोठें अंतर आहे. एकट्याचा तांडा स्वतःचें सामान वाहतो; त्या जुन्या तांड्याच्या गोणींत दुसऱ्याच्या घरचें मीठ असे.

मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग आतां कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव ह्या आमच्या तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग २०२५ मध्यें पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाहीं. त्यामुळें मोटारसायकलीवरील प्रवाशाला अजून जुन्या सडकेनें, गांवागांवांतूनच जावें लागतें; माझ्या मतें त्यांत त्याचें कांहीं नुकसान नाहीं. त्यानें वाट थोडी वांकडी करून पोहरादेवीला जावें. २०२४ मध्यें तेथें बंजारा समाजाचें संग्रहालय उघडलें आहे. तें पाहावें, आणि मग शेजारच्या एखाद्या तांड्यावरही थांबावें.

मात्र दिवाळीनंतर तेथें गेल्यास पुष्कळ घरांना कुलपें दिसतील. ऊसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें ट्रकांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. माझ्या वर्गांतील बाकें दरवर्षीं अशींच रिकामीं होत. हजेरीपटावर मी त्या मुलांच्या नांवांपुढें गैरहजर असें लिहीत असें. तांडा अजून चालतोच आहे. फरक इतकाच कीं, कोठें जावयाचें व कोठें मुक्काम करावयाचा, हें पूर्वीं त्याचा नाईक ठरवीत असे, आतां तें मुकादम ठरवितो. त्या मुलांपैकीं कांहीं पुढें शिकलीं, कांहीं शिक्षकही झालीं. जीं ट्रकांतून गेलीं तीं पुन्हां शाळेंत आलींच नाहींत, त्यांचीं नांवें मला अजून पाठ आहेत.

भाषणाची वेळ संपत आली. दूरच्या वाटेला निघणाऱ्या तरुणांना मी एवढेंच सांगेन कीं, नकाशा अवश्य घ्यावा, पण वाटेवरच्या माणसांना पाणी कोठें आहे तें विचारीत जावें.