फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर: पावले कोणाची वाचली?

आज ‘मॉड्युलर किचन’ म्हणून जे घरोघरी बसवले जाते, त्याची पणजी १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात जन्माला आली. तिचा आराखडा मार्गारेटे लिहोत्स्की या २९ वर्षांच्या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीचा. गंमत अशी की, तोवर त्यांनी ना कधी घर चालवले होते, ना स्वयंपाक केला होता. हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगून टाकले. आजचा धागा या स्वयंपाकघराविषयी आणि स्त्रीवाद्यांनी त्याच्याशी मांडलेल्या भांडणाविषयी.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची भीषण टंचाई होती. नगरवास्तुकार एर्न्स्ट माय यांनी मोठ्या वसाहती उभारायला घेतल्या. घरे लहान, पैसा बेताचा. कारखान्यातील कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजण्याचे टेलरचे शास्त्र तेव्हा जोरात होते. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी ते चुलीपाशी आणले होते आणि लिहोत्स्कींनी त्यांचे लेखन वाचले होते. दुसरा नमुना रेल्वेच्या भोजनडब्याचा. एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचे जेवण निघते, मग चौघांचे का निघू नये?

त्यातून उभी राहिली सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब खोली. खिडकीखाली कामाचा ओटा, त्यापुढे बसून भाजी चिरण्यासाठी फिरते स्टूल. भिंतीतून खाली पाडता येणारी इस्त्रीची फळी. छतावर रुळावरून सरकणारा दिवा. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी नावे कोरलेले, ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण मात्र ओक लाकडाचा. माशा निळ्या रंगावर बसत नाहीत, या समजुतीने कपाटांना निळसर-हिरवा रंग. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. दोघींना एकत्र उभे राहता येईना. ॲल्युमिनियमचे खण लहान मुलांच्या हाताला सहज लागत. पुढे काय होई, ते सांगायला नको. खरा घाव मात्र १९७०च्या दशकात बसला. स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारले, पावले वाचवलीत, पण ती टाकायची कोणी, हा प्रश्न कधी केलात का? जुन्या स्वयंपाकघरात निदान सारे कुटुंब वावरत असे. इथे एकट्या बाईच्या मापाची खोली बांधून काम कायमचे तिच्या नावावर लिहिले गेले.

हा आक्षेप पोकळ नव्हता, कारण दुसरी वाट ठाऊक होती. अमेरिकेत मेलुसिना फे पियर्स यांनी १८६८ मध्येच स्त्रियांनी सामाईक स्वयंपाक व धुलाई चालवावी आणि त्याचे पैसे नवऱ्यांकडून घ्यावेत, असे मांडले होते. त्यांनी केंब्रिजमध्ये काढलेली संस्था काही फार टिकली नाही. खुद्द व्हिएन्नात १९२०च्या दशकात ‘हाइमहोफ’ ही एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघराची इमारत उभी होती.

तरीही मला हा घाव थोडा अन्यायाचा वाटतो. आराखड्यात बैठकीच्या खोलीकडे उघडणारे सरकते दार होते. शेगडीपासून जेवणाचे टेबल तीन मीटरच्या आत, आणि दारातून मुलांवर नजर राहावी, हा हेतू. शिवाय कामावरून दमून येणाऱ्या बाईचा वेळ वाचवावा, ही तळमळ खरी होती. चूक इतकीच, की वेळ फक्त तिचाच मोजला गेला.

लिहोत्स्कींचे पुढचे आयुष्य एखाद्या कादंबरीला पुरेल असे. १९३०मध्ये माय यांच्या गटाबरोबर सोव्हिएत संघात नव्या शहरांचे काम, मग इस्तंबूल, तिथून नाझीविरोधी लढ्यासाठी व्हिएन्नात परत. जानेवारी १९४१मध्ये गेस्टापोने पकडले, १५ वर्षांची शिक्षा झाली, १९४५मध्ये सुटका. युद्धानंतर कम्युनिस्ट असल्यामुळे ऑस्ट्रियात सरकारी कामे फारशी मिळाली नाहीत. एवढे सगळे करून लोक विचारत ते स्वयंपाकघराविषयीच, आणि याचा त्यांना वीट आला होता.

आता १९९१चे व्हिएन्ना. नगररचनाकार एव्हा काइल आणि सहकाऱ्यांनी एक छायाचित्र-प्रदर्शन भरवले. विषय: सार्वजनिक जागा कोणाची? आठ स्त्रियांचा रोजचा दिवस आणि त्यांची शहरातील वाट. पुढच्याच वर्षी महापालिकेत स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. १९९३मध्ये फ्लोरिड्सडोर्फ भागात ३५७ घरांच्या वसाहतीसाठी केवळ स्त्री वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेण्यात आली. फ्रान्झिस्का उलमान यांचा मूळ आराखडा निवडला गेला आणि १९९७मध्ये ‘फ्राउएन-वेर्क-श्टाट’ पूर्ण झाली. जिन्यांत दिवसाचा उजेड येतो. बाबागाडी वर-खाली ओढावी लागू नये म्हणून मजल्यावरच ती ठेवायला जागा आहे. आवारातच बालवाडी आहे. इमारती मुद्दाम बुटक्या, म्हणजे वरून हाक मारली तर अंगणात ऐकू जावी.

लिहोत्स्की जानेवारी २०००मध्ये, १०३व्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी गेल्या. फ्लोरिड्सडोर्फच्या त्या वसाहतीला आज त्यांचे नाव आहे: मार्गारेटे-श्युटे-लिहोत्स्की-होफ.