सिनेमातलं रेल्वे इंजिन खरं कुठलं होतं? ओळखायचं कसं?

स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनन पुलाचे रील तुमच्याही फीडमध्ये आले असतील. कमानींच्या पुलावरून धूर सोडत गाडी जाते आणि खाली कॅप्शन असतं, ‘हॅरी पॉटरचं खरं इंजिन’. पूल खराच तो आहे. इंजिन मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं. फोर्ट विल्यम ते मॅलेग धावणाऱ्या या गाडीचं नाव ‘जेकोबाइट’, आणि तिला बहुतेकदा ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीचं काळं इंजिन लावतात. सिनेमातलं लाल इंजिन 2015 पासून लंडनजवळच्या लीव्ह्जडेन इथल्या स्टुडिओ टूरमध्ये उभं आहे.

त्या लाल इंजिनाचं खरं नाव ‘ऑल्टन हॉल’, नंबर 5972. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ते 1937 मध्ये आपल्या स्विंडनच्या कारखान्यात बांधलं. 1963 मध्ये ते सेवेतून बाद झालं आणि वेल्समधल्या बॅरीच्या भंगार यार्डात गेलं. तिथून 1981 मध्ये एका हौशी माणसाने विकत घेतलं म्हणून वाचलं. सिनेमासाठी त्यावर ‘हॉगवर्ट्स कॅसल’ अशी पाटी लावली, लाल रंग दिला, पण नंबर 5972 तसाच राहू दिला. आता गंमत बघा. ग्रेट वेस्टर्नकडे ‘हॉल’ आणि ‘कॅसल’ या इंजिनांच्या दोन वेगळ्या जाती होत्या. म्हणजे पाटी कॅसलची आणि इंजिन हॉलचं! शिवाय या कंपनीची इंजिनं हिरवी असायची. इंग्लंडमधले रेल्वेवेडे यावरून आजही कुरकुरतात, आणि त्यांचं चुकीचं आहे असं म्हणवत नाही.

यात आणखी एक गोंधळ आहे. 2000 साली पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी ‘टॉ व्हॅली’ नावाचं दुसरंच इंजिन लाल रंगवून फिरवलं होतं. सिनेमासाठी ते फार आधुनिक दिसतं म्हणून नाकारलं गेलं. त्याचे जुने फोटो आजही ‘हेच ते’ म्हणून फिरतात.

नंबर बघा, पण त्यावर विसंबू नका

इंजिन ओळखायचं तर पहिली नजर नंबरवर जाते, आणि ते बरोबरच आहे. पण नंबर बदलणं हे सिनेमावाल्यांचं सगळ्यात स्वस्त काम. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागात गाडीला ढकलणाऱ्या इंजिनावर 131 लिहिलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते कॅलिफोर्नियाच्या सिएरा रेल्वेचं 3 नंबरचं इंजिन. रॉजर्स कंपनीने ते 1891 मध्ये बांधलं. सिनेमातली घटना घडते 1885 मध्ये! म्हणजे कालप्रवासाच्या सिनेमात इंजिनानेही सहा वर्षांचा कालप्रवास केला. शेवटी दरीत कोसळतं ते छोटं मॉडेल आहे, खरं इंजिन सुखरूप आहे. ‘हाय नून’सारख्या जुन्या वेस्टर्नपासून कितीतरी सिनेमांत आणि मालिकांत ते वेगवेगळ्या रूपात दिसलं आहे. जेम्सटाउनच्या रेल्वे संग्रहालयात गेलात तर आजही बघायला मिळतं.

मग नंबर खोटा असेल तर काय पाहायचं? चाकं. वाफेच्या इंजिनाची चाकं तीन गटांत मोजतात: पुढची लहान, मधली मोठी (जी इंजिन ओढतात) आणि मागची लहान. ऑल्टन हॉल आणि सिएरा 3 दोन्ही 4-6-0 आहेत, म्हणजे पुढे चार, मधे सहा, मागे एकही नाही. रंग, पाटी, दिवा, अगदी धुराडंसुद्धा बदलता येतं. वेस्टर्न सिनेमांत साध्या धुराड्यावर फुगीर खोटं धुराडं बसवणं नेहमीचंच. चाकांची मांडणी बदलायची तर इंजिनच नवं बांधावं लागेल. म्हणून व्हिडिओ थांबवा आणि बाजूने चाकं मोजा.

भारतीय इंजिनांची अक्षरं

आपल्याकडे काम सोपं आहे, कारण जात इंजिनाच्या अंगावरच लिहिलेली असते. पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (1676 मिमी), वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे 762 मिमी आणि एन म्हणजे 610 मिमी. त्यानंतर डी असेल तर डिझेल, ए असेल तर एसी वीज, सी असेल तर डीसी वीज. शेवटी पी प्रवासी गाडीसाठी, जी मालगाडीसाठी, एम दोन्हींसाठी. म्हणजे डब्ल्यूडीएम-2 हे ब्रॉडगेजचं, दोन्ही कामांचं डिझेल इंजिन. वाफेच्या इंजिनात ऊर्जेचं अक्षर नसतं, म्हणून डब्ल्यूपी, वायपी अशी दोनच अक्षरं. शिवाय ज्या शेडचं इंजिन, त्याचं नाव किंवा आद्याक्षरंही अंगावर असतात. कथा पंजाबात आणि इंजिनावर कल्याण दिसलं, तर समजून जा.

जुन्या सिनेमात डब्ल्यूसीएम जातीचं इंजिन दिसलं तर जागा ओळखायला फार डोकं लावावं लागत नाही. डीसी विजेवरचा मोठा पट्टा मुंबईभोवतीच होता: पुणे आणि इगतपुरीपर्यंत. हा सगळा भाग टप्प्याटप्प्याने एसीवर गेला आणि 2016 पर्यंत मुंबईतला डीसी संपला. म्हणजे त्या इंजिनाने जागाही सांगितली आणि साधारण काळही.

डोक्यावर तारा आहेत का?

हा प्रश्न आधी विचारा. ‘शोले’मधली गाडीवरची मारामारी पनवेल परिसरात चित्रित झाली. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चं शेवटचं धावतं दृश्य रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनवरचं, जरी कथेत तो पंजाब आहे. मुंबईपासून जवळ, पण तेव्हा विजेच्या तारा नसलेले मार्ग. गाव, डोंगर आणि गाडी एका चौकटीत हवी असेल तर दिग्दर्शकाला आणखी काय पाहिजे?

‘चेन्नई एक्सप्रेस’मधल्या दूधसागरने तर अनेकांना चकवलं. मुंबईहून खरी चेन्नई एक्सप्रेस पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल अशी जाते. गोव्याच्या घाटातला दूधसागर तिच्या वाटेवर नाहीच.

‘टॉय ट्रेन’ म्हटलं की सगळे घाट एकच होतात, तिथेही हेच. ‘आराधना’तली दार्जिलिंगची गाडी 610 मिमी रुळांची, तिचं बी-क्लास इंजिन अवघ्या चार चाकांचं. ‘दिल से’मधलं ‘छय्या छय्या’ निलगिरी रेल्वेवरचं, आणि ती मीटरगेज आहे. तिथे मेट्टुपालयम ते कुन्नूर या चढावर दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी असते, आणि चढताना इंजिन गाडीला मागून ढकलतं. कालका–शिमला 762 मिमी, आपली नेरळ–माथेरान पुन्हा 610. मधली दातेरी पट्टी दिसली की भारतात उत्तर एकच: निलगिरी.

1995 नंतरची वाफ

ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची इंजिनं 1995 मध्ये थांबली. ‘शोले’च्या वेळी वाफेचं इंजिन रोजच्या कामातलं होतं, मिळवायला काहीच अडचण नव्हती. त्यानंतरच्या ऐतिहासिक सिनेमांना मात्र मोजकीच चालू इंजिनं उरली, आणि म्हणून तीच तीच दिसत राहतात. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’ नावाचं डब्ल्यूपी आहे, नंबर 7161. बंदुकीच्या गोळीसारखं गोल तोंड, लगेच ओळखू येतं. ‘भाग मिल्खा भाग’, ‘सुलतान’ अशा सिनेमांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पण ते चित्तरंजनमध्ये बांधलं गेलं 1965 मध्ये, आणि डब्ल्यूपी ही जातच 1947 मध्ये भारतात आली. त्यामुळे 1930 च्या दशकातल्या कथेत हे गोल तोंड दिसलं तर खुशाल कमेंट करा. फाळणीच्या दृश्यात दिसलं तर जरा सबुरीने घ्या, पहिली इंजिनं त्याच वर्षीची आहेत.

नुसती चूक काढू नये, कारण याला दुसरी बाजू आहे. चालू अवस्थेतलं वाफेचं इंजिन सांभाळणं भयंकर खर्चिक असतं. बॉयलरची तपासणी, सुटे भाग, ते चालवू शकणारी माणसं, सगळंच दुर्मिळ. शूटिंगचं भाडं आणि सिनेमामुळे येणारे प्रेक्षक यांचा त्याला आधार होतो. सिनेमाने सिएरा 3 ला प्रसिद्धी दिली नसती तर ते आज चालतं असतं का, शंकाच आहे.

पडद्यावर इंजिनच नसेल तर?

‘आराधना’च्या त्या गाण्यात गाडी आणि जीप दार्जिलिंगची, पण डब्यातली शर्मिला टागोर स्टुडिओत चित्रित झाली, कारण ती तेव्हा सत्यजित रायांच्या सिनेमात गुंतली होती. नीट पाहिलं तर नायक-नायिका एका चौकटीत येतच नाहीत. ‘द पोलर एक्सप्रेस’ तर पूर्ण संगणकावर बनलेला, तरी त्याच्यामागे खरं इंजिन आहे: मिशिगनमधलं पेरे मार्केट 1225. त्याच्यावरून आराखडा घेतला आणि आवाजही त्याचाच रेकॉर्ड केला. 12-25, म्हणजे अमेरिकी पद्धतीने नाताळची तारीख.

उलट टोक 1926 चं. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’मध्ये जळत्या पुलावरून ‘टेक्सास’ नावाचं इंजिन नदीत कोसळतं. ते मॉडेल नव्हतं. ओरेगॉनमध्ये खरं इंजिन खऱ्या पुलासकट रो नदीत पाडलं, तेही एकाच टेकमध्ये. पुढे कित्येक वर्षं ते पात्रातच पडून होतं, लोक बघायला जायचे. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली, तेव्हा ते काढून भंगारात घातलं.