‘अस्सल’ या विशेषणाचा इतिहास : इंग्लंडमधील पिंपांची जत्रा

मराठीतील ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला. मूळचा तो दारूच्या लाकडी भांड्याचा. आपल्याकडे येऊन पाण्याचा, तेलाचा, रॉकेलचा झाला. वस्तू बदलते आणि शब्द टिकतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही. याच्या उलट मात्र क्वचित घडते : आधी शब्द घडवला जातो आणि त्याच्या आधाराने नाहीशी होऊ घातलेली वस्तू टिकते. इंग्लंडमधील ‘रिअल एल’ हा शब्द या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा, असे आम्हांस वाटते.

एल ही इंग्रजांची जुनी बिअर. ती पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यातील यीस्ट जिवंत असते आणि आंबण्याची दुसरी पायरी पिंपातच पूर्ण होते. ती काहीशी नाशवंत असते आणि तिला सांभाळणारा जाणता माणूस लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या उत्पादकांना हा सांभाळ परवडेनासा झाला. गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि बाहेरून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने चढणारी ‘केग’ बिअर त्यांनी पुढे आणली. ती कुठेही सारखीच लागे. वॉटनी कंपनीची ‘रेड बॅरल’ हे तिचे गाजलेले उदाहरण. 1960च्या दशकाअखेर सहा बड्या कंपन्यांच्या हाती बहुतांश बाजार गेला आणि जिवंत एल मागे पडत चालली.

मार्च 1971मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटीसाठी गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी – मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर यांनी – या बिअरसाठी एक संघटना काढली. तिचे पहिले नाव ‘कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’ असे होते. 1973 साली ते ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ असे झाले. ‘कॅमरा’ हे लघुरूप तसेच राहिले. बदल झाला तो एका शब्दाचा. वरवर ही केवळ सोय दिसते, पण अर्थाच्या दृष्टीने तो मोठा पालट आहे. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द वस्तू आजारी असल्याची कबुली देतो. ‘रिअल’ हा शब्द समोरच्या वस्तूला खोटी ठरवतो. बचावाची भूमिका एका विशेषणासरशी आरोपाची झाली.

या विशेषणाला देह मिळाला तो उत्सवांतून. 1974 साली केंब्रिजच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये पहिला मोठा उत्सव भरला. 1975 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, बाजार हलल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत, प्रदर्शन झाले. 1977 साली अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ या नावाने पहिला उत्सव झाला. जुलै 1980मध्ये ती वास्तू आगीत सापडली, तेव्हा त्या वर्षीचा उत्सव शेजारी तंबू ठोकून पार पाडला गेला. जागा जळाली तरी उत्सव झाला, कारण तो जागेवर नव्हे, माणसांवर उभा होता. आणि ही माणसे बिनपगारी होती.

या स्वयंसेवकांचे काम पाहिल्यावर ‘अस्सल’ हा शब्द भावनेचा न राहता श्रमाचा होतो. उत्सवाच्या काही दिवस आधी पिंपे येतात. ‘फर्किन’ या पिंपात 9 गॅलन, म्हणजे 72 पिंट बिअर मावते. ती घडवंचीसारख्या चौकटीवर आडवी ठेवून पाचरींनी घट्ट करायची, की मग हलवायची नाही. वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची; तिच्यातून जादा वायू निघून जातो. फसफस ओसरली की कठीण खुंटी. मग साका तळाशी बसू द्यायचा. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तसा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ येथे एल निवळण्यास मदत करतो. तोटी मोगरीच्या एका ठाम घावात बसली पाहिजे. हात कचरला तर कारंजे अंगावर. तापमान 11 ते 13 अंशांच्या आसपास राखण्यासाठी ओली फडकी किंवा थंडाव्याची वेष्टणे घालायची. एवढे करून उघडलेले पिंप जेमतेम तीन दिवस टिकते. पाहुणा पेला हाती घेतो तेव्हा या खटाटोपातले काहीच त्याला दिसत नाही.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथे एक अडचणीचा प्रश्न विचारतो : अस्सल म्हणजे कोणत्या काळातले? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ म्हणजे हॉप्स न घातलेले पेय. हॉप्सची ‘बिअर’ पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून, नेदरलँड्सच्या परिसरातून, आली आणि दीर्घकाळ परकी मानली गेली. त्या काळच्या मापाने आजची ‘रिअल एल’ मुळात एलच नव्हे. शिवाय ती जुनी एल प्रामुख्याने बायका घरोघरी करीत आणि विकत. ज्युडिथ बेनेट यांनी 1996च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की 1300 ते 1600 या काळात धंदा मोठा आणि भांडवलाचा झाला, तसा तो बायकांच्या हातून निसटला. टिकाऊ बिअरने त्याला हातभार लावला. म्हणजे 1970च्या दशकातील तरुण ज्या परंपरेच्या रक्षणास निघाले, ती स्वतःच आधीच्या एका परंपरेला बाजूस सारून उभी राहिली होती.

विशेषणाचे ओझे पुढे संघटनेलाही जाणवले. छोटे, प्रयोगशील उत्पादक केगमध्येही चांगली बिअर भरू लागले आणि 1973ची सीमारेषा पुसट झाली. संघटनेने सर्वच बिअर पिणाऱ्यांच्या हितासाठी बोलावे, असा ठराव 2018 साली सभेपुढे आला. बहुमत त्याच्या बाजूने होते. पण आवश्यक 75 टक्के मते थोडक्यात हुकली. पुढे महासाथीमुळे 2020 आणि 2021 साली मुख्य उत्सव भरला नाही. 2024 सालीही तो झाला नाही. 2025 साली लंडन सोडून बर्मिंगहॅमला भरला.

हे सारे वाचताना आम्हांस आपल्या समीक्षेची आठवण होते. ‘अस्सल ग्रामीण’, ‘अस्सल देशी’ असे शिक्के आम्हीही वर्गात मारत आलो आहोत. ‘अस्सल’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, हे मात्र त्या वेळी आठवत नाही. म्हणून तो शब्द टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. त्या शब्दावाचून इंग्लंडमधील जिवंत एल बहुधा तगली नसती. आमचे म्हणणे इतकेच, की हे विशेषण वापरणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत : कोणत्या काळातले अस्सल, आणि ते टिकवण्याचे कष्ट कोण उपसणार? पहिल्याचे उत्तर त्या स्वयंसेवकांनाही नीट देता आले नसते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी ते बाह्या सरसावून पिंपाशी उभे होते. आम्हांस अजून दोन्ही उत्तरे द्यायची आहेत.