मुलांच्या मणक्याची शस्त्रक्रिया: निर्णय कसा घ्यावा?
पाठीचा कणा बाजूला 10 अंश किंवा जास्त वाकला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयात 25 ते 40 अंशांच्या बाकाला सहसा ब्रेस लावतात. 45-50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. सळ्या आणि स्क्रू बसवून मणके जोडले जातात. बाक कमी होतो, पण जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही.

ही शस्त्रक्रिया बहुतेकदा तातडीची नसते. म्हणून पालकांनी डॉक्टरांना विचारावं: आता न केल्यास बाक किती वाढेल? किती मणके जोडणार? संसर्गाचा, मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका किती? खेळ कधी सुरू होतील?

मुलालाही या चर्चेत बसवावं. एक्स-रेवर अंश मोजता येतात. त्रास कशाचा होतो, हे मूलच सांगू शकतं.