तवकीर (आरारूट)

तवकीर : कंदातून काढलेले पांढरे, गंधहीन, बेचव सत्त्व. दोन बोटांत धरून दाबले की कोरड्या हिमासारखे करकरते. बाजारात आरारूट, आरारोट, अरारूट अशा नावांनी ते मिळते. तवकीर हे नाव संस्कृत ‘तवक्षीर’वरून आले. आयुर्वेदात हा शब्द मुळात बांबूच्या पेरात सापडणाऱ्या वंशलोचनासाठी होता. पुढे तो कंदाच्या सत्त्वालाही लागला. नाकात ओढायची तपकीर वेगळी. किराणा दुकानात फोनवरून यादी सांगताना हा घोळ होऊ शकतो.

आरारूट म्हणजे एकच वनस्पती, असे नाही. मूळचे आरारूट मरांटा अरुंडिनेशिया या अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या झाडाचे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटाची तर एके काळी त्यावरच ओळख होती. विषारी बाणाच्या जखमेवर हा कंद ठेचून लावत, म्हणून ‘ॲरोरूट’, म्हणजे ‘बाणाचे मूळ’, असे इंग्रजी नाव पडले, ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कथा. तिथल्या अरावाक लोकांच्या शब्दाचाच तो इंग्रजी अपभ्रंश असावा, असेही मत आहे. भारतातले आरारूट मात्र हळदीच्या कुळातले. छत्तीसगडात, विशेषतः बस्तरकडे, रानहळदीच्या एका जातीपासून काढतात तो तिखूर आणि आपली जुनी तवकीर ही सख्खी भावंडे.

साताऱ्याचा तवकिरीशी थेट संबंध आहे तो चवर या वनस्पतीमुळे. महाबळेश्वर, पाचगणी, कास या उंच सड्यांवर पावसाळ्यात कंबरेएवढी वाढणारी ही हळदीची बहीण. पाने केळीच्या पिल्लासारखी, मध्ये उभा दांडा आणि त्यावर हिरवट-पांढऱ्या छदांचे कणीस. मुंबईत टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी असलेल्या जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी केली. 1839 साली, त्यांच्या मृत्यूनंतर ती छापून झाली. तिच्यात चवर ‘कुरकुमा कॉलिना’ या नावाने आली, म्हणजे थेट हळदीच्याच प्रजातीत. पुढे तिला हिचेनिया या वेगळ्या प्रजातीत हलवले आणि अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुन्हा हळदीत आणून बसवले. तिच्या कंदापासून आरारूट करत, म्हणून इंग्रजी पुस्तकांत तिला भारतीय आरारूट म्हटलेले आढळते. आज कास पाहायला जाणारी मंडळी चवरीसमोर फोटो काढतात, पण हे खाण्याचे झाड आहे हे त्यांच्या गावीही नसते. तेच बरे. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथला कंद उकरणे सोडाच, फूल तोडणेही चालत नाही.

सत्त्व काढायची रीत सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही घरात समजावून सांगावी लागत नाही, कारण ती कुरडईच्या चिकाचीच रीत आहे. पाने वाळून गेली की कंद खणायचे, सोलून किसायचे आणि तो कीस भरपूर पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा. पातेले हलवायचे नाही. रात्रभरात सत्त्व तळाशी घट्ट बसते आणि वर पिवळट, कडवट पाणी राहते. ते अलगद ओतून द्यायचे, नवे पाणी घालून ढवळायचे, पुन्हा निवळू द्यायचे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालते. शेवटी तळाची पांढरी वडी खरवडून उन्हात वाळवायची. गव्हाचा चीक आंबवावा लागतो, तवकिरीला ते नाही. पण धुण्यात कंटाळा केला तर कडवटपणा राहतो.

सांगलीच्या हळदीत हेच सत्त्व वेगळ्या वेषात भेटते. ओली हळद शिजवतात तेव्हा तिच्यातला स्टार्च फुगून एकजीव होतो. म्हणून वाळलेले हळकुंड मोडले की आतून शिंगासारखे टणक, चकचकीत दिसते. कच्चे वाळवलेले नुसते भुसभुशीत तुटते. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आणि पूर्वी हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी सांगलीची हळद मसाल्याची खरी, पण पातेल्यात खीर घट्ट करणारी आणि हळकुंड टणक करणारी करामत एकच.

स्वयंपाकात तवकीर थंड पाण्यात किंवा दुधात कालवूनच वापरतात. गरम पातेल्यात कोरडी टाकली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. वड्यांसाठी एक वाटी तवकीर, साधारण दीड वाटी साखर आणि तीन-चार वाट्या पाणी घेऊन सतत ढवळतात. आधी नुसते पांढरे पाणी, मग एकदम चमच्याला ओढ लागते आणि दुधाळ मिश्रण काचेसारखे पारदर्शक होते. तीच खूण. वेलची घालून तूप लावलेल्या ताटात ओतायचे. फार वेळ रटरटत ठेवले तर आलेला घट्टपणा सुटतो. पचायला हलकी म्हणून आजारातून उठलेल्याला किंवा पोट बिघडलेल्याला तवकिरीची खीर देण्याची चाल जुनी आहे. तिने पोटाला आधार मिळतो, जुलाबाचे कारण जात नाही. तिच्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, त्यामुळे बाळाचे पूर्ण अन्न म्हणून ती चालत नाही.

उपवासाची कचोरी आणि पॅटिस यांच्या बटाट्याच्या पारीत आरारूट लागते, आणि खरी अडचण इथेच येते. आरारूट म्हणून सुटी विकली जाणारी पांढरी पूड बऱ्याचदा मक्याचा नाहीतर साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च असते. चवीला, रंगाला फरक कळत नाही. आयोडीनचा थेंब तिन्हींना निळे करतो. सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. साबुदाण्याचा कंद उपवासाला चालतो, मका मात्र धान्य. म्हणजे एकादशी मोडल्याचे खाणाऱ्याला कळतही नाही. पाकिटावर घटक वाचणे एवढेच घरच्या हातात आहे.

अंगाला लावण्याच्या पावडरीत तवकीर घाम आणि तेल शोषून घेते. तेलकट केसांच्या मुळांशी चिमूटभर चोळून कंगवा फिरवला की पाणी नसलेल्या दिवशी निभते. खोबरेल आणि थोडा खाण्याचा सोडा यांत कालवून काखेत लावायचे मलम घरी करतात. सोडा जास्त झाला तर आग होते. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला ‘बहुधा कर्करोगजन्य’ ठरवल्यापासून अशा स्टार्चच्या पावडरींची विचारणा वाढणे साहजिक आहे. पण ओल्या, चिघळलेल्या घडीत कोणतीच पावडर थापू नये. तिथे तिचा चिखल होतो. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तर तिची धूळ उडवूच नये.

धोतर आणि सुती लुगड्याला खळ देण्यासाठीही आरारूट शिजवत. साबुदाण्याच्या खळीपेक्षा ही पातळ, डाग न ठेवणारी. इस्त्री फिरवताना कापडातून जो कडक, कोरडा आवाज येतो, तो तिचाच.