‘सापडले नाही’ : डेटाबेसची उसनवारी आणि ‘ळ’ची जागा

नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ सालापासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. मुद्रणालय नाशिकचे, नोट हिंदुस्थानची, पण तिचा कागद पुढची चाळीस वर्षे परदेशातून येत राहिला. होशंगाबादची सिक्युरिटी पेपर मिल १९६८ साली सुरू झाली, तेव्हा कुठे हे परावलंबन कमी होऊ लागले. यंत्र दारात येऊन उभे राहिले म्हणजे काम सुरू झाले असे होत नाही. त्याला आणखी काय काय लागते, याची एक यादी असते आणि त्यातली एखादी वस्तू नसली की सगळे थांबते.

संगणकाच्या जगात या यादीला ‘डिपेन्डन्सी’ म्हणतात. मी संगणकाचा पदवीधर नाही. १८८३च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमधली आणि जुन्या मराठी कागदांतली स्थलनामे एका सूचीत आणण्याचा माझा उद्योग गेली काही वर्षे चालू आहे. वह्या अपुऱ्या पडू लागल्या म्हणून मी डेटाबेसकडे वळलो आणि त्या निमित्ताने या यादीचा इतिहास वाचत गेलो.

पोस्टग्रेस-क्यूएल हा मुक्त डेटाबेस मूळ संहितेपासून बांधायला घेतला की आधी एक तपासणी चालते. ‘रीडलाइन’ नावाची लायब्ररी नसेल तर तपासणी तिथेच थांबते आणि ‘सापडली नाही’ असे सांगते. ती असेल पण ‘झेडलिब’ नसेल, तर पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दोन मार्ग सुचवले जातात : लायब्ररी बसवा, किंवा तिच्याशिवाय बांधायचे आहे असे स्पष्ट सांगा. नवख्या माणसाला ही कटकट वाटते. मला ती ऋणको-धनकोंची यादी वाटते. रीडलाइन ब्रायन फॉक्स यांनी लिहिली आणि पुढे कित्येक वर्षे ती अमेरिकेतल्या चेट रॅमी यांनी सांभाळली. माहिती दाबून लहान करणारी झेडलिब १९९५ साली झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर या दोघांनी दिली. आपण टंकलेल्या ओळीत मागे जाऊन एक अक्षर दुरुस्त करतो, त्यामागे अशी एखाददुसऱ्या माणसाची मेहनत असते.

ही पद्धत आली कुठून? १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एकदाच नीट लिहून छिद्रित कागदी फितींवर कपाटात ठेवली. हव्या त्या फितीची नक्कल काढायची आणि आपल्या कामाला जोडायची. त्या संग्रहाला त्यांनी ‘लायब्ररी’च म्हटले. ज्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्या गावाला एकाने जमवलेले अनेकांनी वापरण्याची ही रीत समजावून सांगायला नको. पुढे १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचेही तयार सुटे भाग कारखान्यातल्यासारखे मिळावेत, असा विचार मांडला.

सुटे भाग मिळू लागले आणि नवा प्रश्न उभा राहिला : कोणत्या भागाला कोणता भाग लागतो, हे लक्षात कोणी ठेवायचे? १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने प्रत्येक पॅकेजसोबत ‘याला काय लागते’ ही नोंद द्यायची पद्धत रुजवली. १९९५ साली रेड हॅटचे ‘आरपीएम’ आले. पण सुरुवातीची ही साधने उणीव सांगत, ती भरून देत नसत. एक पॅकेज आणावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे. १९९९च्या डेबियन आवृत्तीत ‘अ‍ॅप्ट’ आले आणि ही साखळी यंत्र स्वतःच शोधून पुरी करू लागले.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर होता. सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, तेही टेलिफोनच्या तारेवरून, तासांच्या हिशेबाने. नाशिकसारख्या गावात लिनक्स पोचले ते बरेचसे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीवरून. सीडीवर नसलेले पॅकेज म्हणजे मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिलेली चिठ्ठी. यंत्र काय नाही ते क्षणात सांगे, पण ते यायला आठवडा लागे. त्यामुळे ‘त्याच्याशिवाय चालवून घेऊ’ हा मार्ग अनेकांनी पत्करला आणि तीच पुढे सवय झाली.

या सवयीची किंमत मराठीला कुठे मोजावी लागते, ते माझ्या सूचीत दिसते. नाशिकचे कालिका मंदिर, इगतपुरी तालुक्यातले कावनई आणि पंचवटीतले काळाराम मंदिर ही तीन नावे घ्या. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. म्हणून क्रम हवा : कालिका, कावनई, काळाराम. संगणकाने मात्र अक्षरांचे नुसते सांकेतिक क्रमांक पाहिले तर तो कालिका, काळाराम, कावनई असा क्रम लावतो. कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी आहे. १९९१च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतली. इस्कीत अनेक भारतीय लिपींसाठी एकच समान चौकट होती, तिच्यात मराठीचा स्वतंत्र क्रम बसवायला जागा नव्हती. त्याच हिशेबाने ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’खाली जातात आणि ‘क्षेत्र’ ‘क’खाली.

यात युनिकोडला दोष देण्याचे कारण नाही. अक्षराचा क्रमांक म्हणजे भाषेतला क्रम नव्हे, हे त्याने आधीच सांगितलेले आहे. भाषेचा क्रम वेगळ्या नियमांत असतो आणि ते नियम वेगळ्या लायब्ररीत. ‘आयसीयू’ ही अशी लायब्ररी. आयबीएमने १९९९ साली ती सर्वांना खुली केली आणि २०१६ पासून युनिकोड कन्सॉर्शियम तिची देखभाल करते. ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’ हा मराठीचा नियम तिच्यात आहे, तोही जेमतेम एका ओळीत. पोस्टग्रेस-क्यूएलने २०१७च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू वापरण्याची सोय दिली. २०२३च्या सोळाव्या आवृत्तीपासून ती नेहमीच्या बांधणीचा भाग झाली. ती नसेल तर तपासणी थांबते आणि इथेही ‘तिच्याशिवाय’ असा पर्याय आहेच. तो निवडला तरी डेटाबेस उत्तम चालतो. मग मराठी क्रमासाठी मूळ प्रणालीतल्या मराठी भाषासंचावर भिस्त राहते, आणि तोही बसवलेला नसला की उरतात फक्त सांकेतिक क्रमांक. चुकीची सूचना कुठेही येत नाही. फक्त काळाराम नको तिथे जाऊन बसतो आणि यादीच्या शेवटी ‘ज्ञ’ शोधणारा वाचक नोंद नाहीच असे समजून पुढे जातो.

असलेली लायब्ररी बदलली तरी असाच घोटाळा होतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये ‘ग्लिबसी’ या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात शब्दक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर सुधारले गेले. सुधारणा योग्य होती. पण डेटाबेसमधल्या अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेल्या. ज्यांनी प्रणाली बदलली आणि अनुक्रमणिका पुन्हा बांधल्या नाहीत, त्यांच्याकडे नोंद असूनही शोधात येईना. ग्रंथपालाने एका रात्रीत कपाटांचा क्रम बदलावा आणि कार्डे जुनीच ठेवावीत, तसे हे झाले. म्हणून आपल्या कामाला कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची लागली, याची नोंद मी सूचीच्या प्रस्तावनेतच ठेवतो. जुन्या संपादकांनी हस्तलिखित कोणत्या मठातून मिळाले ते लिहून ठेवले, त्यातलाच हा प्रकार.

मराठीत आज ग्रंथालयांच्या याद्या, कोश, दप्तरांच्या सूची संगणकावर येत आहेत. त्या बसवणारा बहुधा घाईत असतो आणि ‘सापडले नाही’ ही ओळ दिसली की सर्वांत जवळची वाट धरतो. त्या वेळी यादी तयार करून घेणाऱ्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही, एवढेच विचारावे : काय सापडले नाही, आणि ते कशासाठी होते? उत्तर समजायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. तयार यादीत ‘काव’ आधी येतो की ‘काळ’, हे पाहिले तरी पुरे.